मदत हवी आहे: आम्ही नसताना (आणि असतानाही) घरमालक स्वतःच्या किल्लीने आत येतात

रानजाई

नमस्कार मंडळी. पुण्यात कर्वेनगरला मी आणि माझी मैत्रीण एका वन बीएचकेमध्ये भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आहे, रीतसर नोंदवलेला. एजंट घरी येऊन सगळ्यांचे अंगठे घेऊन गेला होता. भाडं वेळेवर जातं, पार्ट्या नाहीत, सोसायटीची एक तक्रार नाही. मालक काका-काकू त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. माणसं वाईट नाहीत, हे आधीच सांगते. संक्रांतीला तिळगूळ, गणपतीत मोदक वर येतात. अडचण एवढीच की मोदकांबरोबर काकूही येतात, आणि आम्ही घरी नसलो तरी येतात.

सुरुवातीला शंकाच यायची. सकाळी उघडी ठेवलेली खिडकी संध्याकाळी बंद, ओट्यावरची भांडी मांडणीत. मग एकदा ऑफिसात असताना व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या उघड्या कपाटाचा फोटो आला. खाली काकूंचा मेसेज: "कपडे असे कोंबू नयेत बेटा, कपाटाचं दार वाकतं." कपाट त्यांचंच आहे हे खरं. आतले कपडे माझे आहेत.

गेल्या आठवड्यात कहर झाला. मैत्रीण नाइट शिफ्ट करून आली होती, न्हाऊन बाहेर पडतेय तोवर लॅचमध्ये किल्ली फिरल्याचा आवाज. ती पुन्हा बाथरूममध्ये शिरली आणि आतून ओरडली. बाहेर काका, सोबत प्लंबर. "बेल वाजवली होती, ऐकू आली नसेल," म्हणाले आणि प्लंबरला घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले. ती वीसेक मिनिटं ओल्या टॉवेलवर आत बसून होती.

आम्ही बोललो. काकांचं उत्तर: "घर आमचंच आहे ना? मुलीसारख्या आहात म्हणून लक्ष ठेवतो."

माझे प्रश्न: कायद्याने त्यांना असं येता येतं का? आम्ही कुलूप बदललं तर करारभंग होतो का? पोलिसांत जाण्याइतकं हे आहे का? आणि हे सगळं केलं तर डिपॉझिटचं काय, कारण तीन महिन्यांचं भाडं त्यांच्याकडे अडकलंय.

तिसरा_मजला

घर बदला. कायदा वगैरे ठीक आहे, पण खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकाशी भांडून रोज जिन्यात तोंड कसं दाखवणार?

रानजाई

बदलायचंच आहे, पण करार संपायला अवकाश आहे आणि मैत्रिणीचं ऑफिस इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि चूक त्यांची असताना टेम्पो आम्ही का बोलवायचा?

पक्षकार_हजर

मी पुण्यात दिवाणी वकिली करते, त्यामुळे सविस्तर लिहिते. फक्त एक लक्षात घ्या, तुमचा करार मी वाचलेला नाही.

महाराष्ट्रात भाड्याच्या घरांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे. त्यात कलम २८ आहे, अगदी छोटं. मालकाला जागेची पाहणी करता येते, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. हे कलम फक्त जुन्या पागडीवाल्या भाडेकरूंसाठी नाही, लायसन्सवर दिलेल्या जागेचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे काकांना यायचा हक्क आहेच, आधी कळवून यायचा. किती तास आधी, ते कलमात लिहिलेलं नाही. पण बेल वाजवणं आणि लगेच किल्ली लावणं याला कोणी 'आधी सूचना' म्हणणार नाही.

आता तुमचा करार काढा. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन पद्धतीने झाला असेल तर बहुतेक ठरावीक मसुदा असेल, त्यात पाहणीचं एक स्वतंत्र कलम असतं. वाजवी सूचना देऊन स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत पाहणी करता येईल, अशा अर्थाचं. सही करताना ते कोणीच वाचत नाही, ना मालक ना राहणारे. काकांनीही त्याच कागदावर अंगठा दिलाय. बोलण्याची सुरुवात तिथून करा, कारण कायद्याचं नाव काढलं की माणूस बिथरतो, स्वतःच्या सहीचा कागद दाखवला की जरा थांबतो.

स्पष्टवक्ता_नागपूर

माफ करा, पण लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्ही भाडेकरू नसताच. फक्त वापरायची परवानगी असते, ताबा मालकाचाच राहतो. करारातही तेच लिहिलेलं असतं. मग मालक स्वतःच्या ताब्यातल्या घरात आला तर बिघडलं काय? उगाच मुलींना भडकवू नका.

पक्षकार_हजर

अर्धं बरोबर आहे. १८८२ च्या इझमेंट्स कायद्यातल्या कलम ५२ प्रमाणे लायसन्स म्हणजे परवानगी, जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. मालक हाच प्रकार पसंत करतात तो म्हणूनच. मुदत संपली की १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत मिळवता येते, आणि मुदतीनंतर अडून बसणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई भरावी लागते.

पण 'परवानगी आहे' म्हणजे 'कधीही घुसा' नव्हे. कलम २८ मध्ये लायसन्सीचं, म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्याचं, नाव उगाच घातलेलं नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा वेंकट राव या प्रकरणात सांगितलंय की स्थिर ताबा असलेल्या माणसाला, त्याचा तिथे राहण्याचा हक्क संपला आहे असं धरलं तरी, मालक कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढू शकत नाही. तो वादही लायसन्समधूनच उभा राहिला होता. इथे तर मुदत चालू आहे, भाडं चालू आहे.

कोथरूडचा_पोपट

सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे ना! नऊ न्यायाधीशांनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क मानलाय. त्याची प्रिंट काढून काकांच्या दाराला चिकटवा.

पक्षकार_हजर

चिकटवू नका, काका रद्दीत देतील. तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध बजावायचा असतो, शेजारच्या माणसाविरुद्ध थेट चालत नाही. तसंच कोणी तरी आता केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा काढेल. त्यात किमान चोवीस तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना आणि कारण देण्याची तरतूद आहे, चांगली आहे. पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे. आपल्याकडे काम १९९९ च्या कायद्यावरच चालतं. चोवीस तासांचा आकडा मागणी म्हणून जरूर वापरा, 'कायद्यात आहे' असं मात्र म्हणू नका. समोरचा वकिलाला विचारून आला तर तुमचं बाकीचं खरंही खोटं ठरेल.

पोलिसांचं. गृहअतिक्रमण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. मालकी कोणाची यापेक्षा ताबा कोणाचा हे तिथे बघतात, त्यामुळे मालकावरही तो लागू शकतो. पण हेतू लागतो: गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा. प्लंबर घेऊन आलेल्या काकांचा हेतू सिद्ध करणं सोपं नाही, आणि चौकीत पहिलं वाक्य "आपसात मिटवा" हेच ऐकू येईल. लेखी मनाई केल्यावरही ते आले तर चित्र बदलतं. म्हणून आधी लेखी. कपाटाचा फोटो आणि तो मेसेज पुसू नका, मूळ फोनमध्येच राहू द्या. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत.

मुलुंडचा_मालक

मी दुसऱ्या बाजूचा. मुलुंडला एक फ्लॅट भाड्याने देतो. जादा किल्ली मालकाकडे असावी याला कारण असतं. माझे भाडेकरू दिवाळीला गावी गेले आणि फ्लशची टाकी वाहायला लागली, खालच्यांच्या हॉलचं पीओपी खाली आलं. खर्च कोणी केला? मी. त्या दिवशी किल्ली नसती तर दार फोडावं लागलं असतं.

पण मी किल्ली पाकिटात ठेवतो. पाकीट चिकटवलेलं, चिकटवल्याच्या रेघेवर भाडेकरूची सही, त्यावर सेलोटेप. उघडलं तर दिसतं. आणि उघडायच्या आधी फोन करतो, उचलला नाही तर मेसेज, सोसायटीच्या सेक्रेटरीला सोबत घेऊन आत जातो. सेक्रेटरी वैतागतो, पण उद्या भाडेकरू म्हणाला की माझी अंगठी गेली तर मी काय करू? हे त्या काकांना त्यांच्या फायद्याचं म्हणून सांगा. एकटा माणूस दोन मुलींच्या घरात त्यांच्या माघारी जातो, उद्या काही हरवलं तर संशय कोणावर? हे ऐकल्यावर बरेच मालक किल्ली आपणहून परत देतात.

रानजाई

मुलुंडकर काका, पाकिटाची कल्पना फार आवडली. कुलपाचं कोणी सांगेल का?

हार्डवेअरवाला

नाइट लॅचचा पूर्ण सेट बदलू नका, फक्त सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, बदला. किल्लीवाला दहा-पंधरा मिनिटांत बदलून देतो, दाराला नवीन भोक पाडावं लागत नाही. जुना सिलिंडर किल्ल्यांसकट जपून ठेवा आणि घर सोडताना परत बसवून द्या. करारात सहसा 'बांधकामात फेरफार करू नये' असं असतं, हा फेरफार नाही. पण काही करारांत कुलपाबद्दल वेगळी ओळ असते, ती बघा. आणि आजपासून घरात असताना आतली कडी लावा हो. लॅच बाहेरून उघडतं, कडी उघडत नाही. जाळीचा दरवाजा असेल तर त्याला स्वतःचं कुलूप लावा, त्यात कोणाचाच कलम-बिलम नाही.

पक्षकार_हजर

सहमत, फक्त क्रम पाळा. आधी मेसेज, मग सिलिंडर, आणि बदलल्यावर कळवा. गुपचूप बदललं तर "मला माझ्या घरातून बाहेर काढलं" असा कांगावा होतो. तातडीच्या वेळी किल्ली कोणाकडे मिळेल तेही लिहा. तुम्ही दोघी स्त्रिया असल्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात चौकशी करा. वेळ आलीच तर मनाई हुकूम मागता येतो.

भाडेकरू_हडपसर

मध्येच विचारतो. आमचा करार नोंदवलेलाच नाही, मालक म्हणतो खर्च तुम्ही करा. मग आम्हाला यातलं काहीच लागू नाही का?

पक्षकार_हजर

१९९९ च्याच कायद्याचं कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकाची. नसेल तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत तुमचं म्हणणं खरं धरतात. बाकी वेगळा धागा काढा, इथे भेसळ नको.

रानजाई

करार वाचला. पाहणीचं कलम आहे, सूचना देऊन यायचं असंच लिहिलंय! कुलपाबद्दल काही नाही. दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस आहे. हा मेसेज लिहिलाय, बघा:

"काका, नमस्कार. करारातल्या पाहणीच्या कलमाप्रमाणे घरात येण्यापूर्वी किमान एक दिवस आधी मेसेज करावा आणि आमच्यापैकी एक जण घरी असताना यावं, ही विनंती. आमच्या माघारी घरात येऊन कपाटाचे फोटो काढले गेले आणि मैत्रीण आंघोळ करून निघताना दार उघडलं गेलं, हे आम्हाला अजिबात चालणार नाही. रविवारी लॅचचा सिलिंडर बदलत आहोत, खर्च आमचा, जुना सांभाळून ठेवू. तातडीसाठी एक किल्ली सीलबंद पाकिटात तुमच्याकडे देऊ. तुम्ही आम्हाला मुली मानता, म्हणून समजून घ्याल. नाहीतर आम्हाला पोलिसांत जावं लागेल."

पक्षकार_हजर

छान आहे. दोन दुरुस्त्या. दोन्ही प्रसंगांच्या तारखा घाला. आणि शेवटची दोन वाक्यं काढा. 'मुली मानता' म्हटलं की काकू पुन्हा भांडी लावायला येतील, आणि पोलिसांचं आत्ता बोललात तर डिपॉझिट परत घेताना भिंतीवरचा प्रत्येक खिळा मोजला जाईल.

डिपॉझिटसाठी आजच घराचा सलग व्हिडिओ करून ठेवा, नळ, बेसिन, फरशी, कपाटाचं ते दार, सगळं. घर सोडताना परत एक. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घेणार असाल तर ते आधी लेखी मान्य करून घ्या, परस्पर थांबवू नका.

मुलुंडचा_मालक

आणि मेसेज काकूंनाही पाठवा. किल्ली काकांकडे असते, पण येतात काकू.

रानजाई

दोघांना पाठवला. निळ्या टिका आल्या आहेत, उत्तर नाही. किल्लीवाल्याला रविवारी सकाळी दहाचं सांगितलंय. पाकिटाच्या रेघेवर आम्ही दोघीही सह्या करतो.