पप्पांच्या लिव्हरच्या गाठीला मायक्रोवेव्ह ॲब्लेशन सांगितलंय, कुणाला अनुभव?

गूळवाला_कागल:
पप्पांना (६४) जुना हिपॅटायटिस बी, त्यातनं सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन खराब होणं) झालेला. परवा सीटीत लिव्हरला २.८ सेंमीची गाठ निघाली, एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरची रक्तातली खूण) पण वाढलाय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लिव्हरला झेपायचं नाही, सुई घालून गाठ जाळूया. आई म्हणते पोटात ओव्हन लावणार काय रे, आणि काकांचं एकच, पुण्याला न्या आणि कापूनच काढा, अर्धवट काम नको. मी मधल्यामधी. खरंच एवढ्यानं गाठ जाते का राव?

शाहूपुरीकर७७:
भावा, माझ्या आईचं गेल्या वर्षी झालं, २ सेंमीची होती. भूल दिली, सोनोग्राफीत बघत बघत बरगड्यांमधनं सुई घातली, जाळायचं काम १० मिनिटांचं, बाकी सगळा वेळ तयारीतच. दुसऱ्या दिवशी घरी. टाका नाही, बॉलपेननं टिंब दिल्यागत खूण. ३-४ दिवस बारीक ताप आणि उजवा खांदा ठणकायचा, केलंय लिव्हरचं आणि दुखतोय खांदा! पण खरी फजिती महिन्यानं. सीटीच्या रिपोर्टवर ४ सेंमी लिहिलेलं, मी रिक्षातच रडायला लागलो, २ ची ४ झाली म्हणून. डॉक्टर म्हणाले अहो ती गाठ नव्हे, जाळलेली जागा आहे ती, भोवतीचं अर्धा-एक सेंमी चांगलं लिव्हर पण मुद्दाम जाळतात. तेव्हा रिपोर्ट स्वतः वाचत बसू नका.

सीटी_रूमवाला:
टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. आईंचं ओव्हनचं अगदीच चूक नाही बरं का, बऱ्याच मशिनी २.४५ गिगाहर्ट्झवर चालतात, घरच्या ओव्हनसारख्याच. पण तापतं ते सुईच्या टोकाभोवतीच, दांड्यातनं गार पाणी फिरत असतं. ६० अंशाच्या वर गेलं की पेशी लगेच मरतात. आधी आरएफए (रेडिओफ्रिक्वेन्सी करंटनं जाळणं) जास्त व्हायचं, पण गाठ मोठ्या शिरेजवळ असली की वाहतं रक्त उष्णता ओढून न्यायचं आणि कडेला थोडी गाठ शिल्लक राहायची, मायक्रोवेव्हमध्ये तो त्रास कमी. ३ सेंमीच्या आत रिझल्ट चांगला येतो, तुमची त्यात बसते. काकांना एवढंच सांगा, कापा नाहीतर जाळा, सिरॉसिसवाल्या लिव्हरात दुसरीकडं नवी गाठ येऊ शकते, त्यामुळं महिन्यानं एकदा आणि मग दर ३ महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय चुकवायचा नाही, हिपॅटायटिस बी ची गोळी पण सोडायची नाही. गाठ पित्ताच्या नळीला किंवा आतड्याला लागून आहे का, प्लेटलेट किती, हे विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर आधीच सांगा, आपल्या मनानं बंद करू नका.

गूळवाला_कागल:
बाप रे, ॲस्पिरिन चालू आहे की! ३ वर्षं झाली, एवढी सवयीची झालीय की फाईलमध्ये लिहायचंच राहिलं. फोन लावतो आत्ता. काकांचं संध्याकाळी बघतो, चहा पिऊन झाल्यावर.