नगरकडे प्रोटेस्टंट ख्रिस्ती एवढे कसे वाढले?

घोडेगावकर:
परवा मित्राच्या लग्नाला नेवासा तालुक्यात वडाळ्याला गेलो होतो. चर्चमधे पेटी, तबला, टाळ आणि गायनं चक्क अभंगाच्या चालीत, डोळे मिटून ऐकलं असतं तर आमच्या देवळातलं भजनच वाटलं असतं. आमच्या घरी म्हणतात इंग्रज सरकारनेच हा धर्म पसरवला. खरंय का?

मुळाकाठ:
नाही हो, उलट ईस्ट इंडिया कंपनीला आधी मिशनरी नकोच होते, लोक बिथरतील आणि धंदा बसेल ही भीती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन १८१२ला कलकत्त्याला उतरले तर त्यांना परत जायचा हुकूम निघाला, तिथून ते मुंबईला आले तर इथूनही काढायला बघत होते. १८१३च्या चार्टर अ‍ॅक्टने, म्हणजे कंपनीच्या सनदेच्या ब्रिटिश कायद्याने, वाट मोकळी झाली. नगरला या अमेरिकन मिशनचं ठाणं १८३१चं, आणि तेव्हाही पहिली कित्येक वर्षं बाप्तिस्मे बोटावर मोजण्याइतकेच.

जुनी_पाटी:
आमचं घर मूळचं महारवाड्यातलं, पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, म्हणून लिहितो. काम वाढलं ते गावोगावच्या या शाळांमुळे. मास्तर आठवडाभर पोरांना शिकवायचा आणि रविवारी तोच उपासना घ्यायचा, आमच्या पोरांना दुसऱ्या शाळेत कोण बसू देत होतं? पणजोबांचं बायबल अजून घरात आहे, पुठ्ठा निघालाय, पहिल्या कोऱ्या पानावर सगळ्या मुलांचे जन्म नि बाप्तिस्मे बोरूने लिहिलेत. त्यांच्या आधी आमच्या घरात सही कुणाला येत नव्हती.

रानवारा:
पण १८७६-७८च्या दुष्काळात धान्यासाठीच लोक गेले ना?

जुनी_पाटी:
दुष्काळानंतर आकडा एकदम वाढला हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण नुसत्या धान्यासाठी गेलेला माणूस पाऊस पडल्यावर परत आला असता. चार पिढ्या आम्ही इथेच आहोत, आणि ‘भाकरीचे ख्रिस्ती’ हा शब्द आजीला शेवटपर्यंत लागायचा.

मुळाकाठ:
घोडेगावकर, तुमच्या अभंगाचं राहिलं. साहेबाच्या चालीवरची भाषांतरित गाणी गावात रुजेनात, मग कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पुढे ना. वा. टिळकांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला आणि तुकोबांच्या वळणाने भजनं लिहिली. लग्नात तुम्ही ऐकलंत त्यात त्यांचं एखादं असणारच, मित्राला विचारून बघा.