गरम इंजिनवर सेल्फ फिरत नाही, थंड झाल्यावर गाडी लगेच सुरू होते : दोष कुठे शोधावा?

प्रश्न

माझी पेट्रोलवर चालणारी, हातगिअरची गाडी सकाळी पहिल्याच प्रयत्नात सुरू होते. मात्र तासभर चालवून बंद केली आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली, तर फक्त एकदा ‘टक’ असा आवाज येतो आणि इंजिन मुळीच फिरत नाही. अर्धा-पाऊण तास थांबले की जणू काही झालेच नव्हते अशी ती सुरू होते. गॅरेजमध्ये बॅटरी बदलून दिली, तरी तक्रार कायम आहे. आता संपूर्ण सेल्फ (इंजिन फिरवून देणारी स्टार्टर मोटर) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो खर्च करण्यापूर्वी दोष नक्की कुठे आहे, हे घरच्या घरी कसे तपासता येईल?

पहिले उत्तर

इंजिन फिरतच नसल्यामुळे पेट्रोल पंप, इंजेक्टर आणि स्पार्क प्लग यांचा विचार सध्या बाजूला ठेवावा. ते सर्व इंजिन फिरून गाडी सुरू होत नसेल, तेव्हाचे प्रश्न आहेत. तुमच्या वर्णनात दोन गोष्टींचा उल्लेख हवा होता. किल्ली फिरवताना हेडलाइट मंद होतात का, आणि तो ‘टक’ आवाज नेमका कुठून येतो? दिवे अगदी मंद होत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे, तिच्या टर्मिनलवर गंज आहे किंवा सेल्फ आतून अडकून प्रचंड करंट ओढतो आहे. दिवे तसेच प्रखर राहत असतील, तर करंट सेल्फच्या मोटरपर्यंत पोहोचतच नाही. आवाज बारीक असून फ्यूज बॉक्समधून येत असेल, तर तो केवळ रिलेचा, म्हणजे लहान करंटने मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचा आहे. सोलेनॉइडचा, म्हणजे सेल्फच्या मोटरला बॅटरीचा करंट जोडणाऱ्या विद्युतचुंबकीय स्विचचा आवाज जड असतो आणि खाली इंजिनजवळून येतो. कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगून स्वतः बॉनेटजवळ उभे राहून ऐकावे.

प्रश्नकर्ता

आज गाडी अडली तेव्हा पाहिले. दिवे मंद होत नाहीत आणि आवाज फ्यूज बॉक्समधून येतो. मल्टिमीटरवर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते आणि किल्ली फिरवलेली असतानाही ती १२.३ च्या खाली जात नाही.

दुसरे उत्तर

मग बॅटरीला दोष देण्याचे कारण उरत नाही, आणि सेल्फलाही इतक्यात दोषी धरू नये. सेल्फ खरोखर फिरत असता, तर बॅटरीचा व्होल्टेज दहा-अकरापर्यंत तरी उतरला असता.

सोलेनॉइडवर बॅटरीकडून येणारी जाड केबल असते आणि त्याशिवाय एक बारीक वायर असते, जी किल्ली फिरवल्यावर रिलेमार्फत सोलेनॉइडला चालना देते. हीच वायर तपासायची आहे. मीटरची काळी सुई इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा, लाल सुई या बारीक वायरच्या टर्मिनलवर धरा आणि गाडी अडलेली असताना किल्ली फिरवायला सांगा. वायर जागेवरच जोडलेली ठेवून मोजणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण वायर काढून मोजल्यास करंट वाहत नाही आणि अगदी सडलेला जोडही बारा व्होल्ट दाखवून फसवतो. तिथे साडेअकराच्या आसपास व्होल्टेज मिळूनही सोलेनॉइड हलत नसेल आणि इंजिनच्या अर्थिंगची (इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) वायर पक्की असेल, तर सोलेनॉइड किंवा सेल्फचे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे तुकडे) खराब आहेत असे मानता येईल. व्होल्टेज त्याहून बराच कमी असेल, तर दोष वाटेत आहे : रिले, क्लच स्विच (क्लच दाबल्यावरच सेल्फला करंट जाऊ देणारा), इग्निशन स्विच किंवा एखादा कनेक्टर.

हे गरम असतानाच का घडते, याचे कारणही यातच आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. सोलेनॉइडची गुंडाळी साठ अंशांनी तापली, तर तिचा रोध जवळपास पावपट वाढतो, तिच्यातून कमी करंट वाहतो आणि तिची ओढ कमी होते. थंड असताना कमी व्होल्टेजवरही जे निभावून जाते, ते गरम असताना निभावत नाही.

मोजताना गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा, हात इंजिनच्या फिरत्या पट्ट्यांपासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून दूर ठेवावेत. कोणतीही वायर काढण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे, कारण त्या जाड केबलमध्ये बहुतेक गाड्यांत किल्ली बंद असतानाही करंट असतो.

प्रश्नकर्ता

बारीक वायरवर गाडी अडलेली असताना ६.९ व्होल्ट मिळाले. तशाच क्रमांकाचा दुसरा रिले लावून पाहिला, फरक पडला नाही. मग वायरच्या मार्गाने मागे गेलो, तेव्हा एक्झॉस्टजवळच्या कनेक्टरची एक पिन हिरवट पडलेली आणि तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक करपलेले दिसले. दोन्ही बाजूंच्या पिना नव्या बसवल्यावर गरम इंजिनवर ११.६ व्होल्ट येतात आणि गाडी तत्काळ सुरू होते. सेल्फ बदलला नाही.

दुसरे उत्तर

उत्तम. आता ती वायर एक्झॉस्टपासून हातभर दूर वळवून क्लिपने बांधावी आणि तिच्यावर उष्णतारोधक नळी चढवावी, अन्यथा नव्या पिनाही त्याच उष्णतेने करपतील.