मदत हवी आहे : भावाला शेवटचा भाग दाखवू की नको?

वाटसरू
लवकर सांगा, जेवण झालं की बघायला बसणार आहोत. काल १९ वा झाला. शेवटचा दाखवू की काहीतरी कारण काढून टाळू?

मिनू
कुठली मालिका? नाव तरी लिहा.

वाटसरू
सुपरनॅचरल. भुताखेतांची शिकार करणाऱ्या डीन-सॅम या दोन भावांची. पंधरावा सीझन.

कट्टेकरी
पाचव्यालाच थांबायचं होतं. २०१० सालचा 'स्वान साँग', सॅम सैतानाला अंगात घेऊन त्या खड्ड्यात उडी मारतो, तिथे गोष्ट संपली. नंतर मालिकेचा जनक एरिक क्रिपकी, त्यानेही सूत्रं सोडली. पुढचं सगळं पाणी घालून वाढवलेलं.

वाटसरू
३२७ पैकी ३२६ भाग बघून झालेत हो! आता पाचव्याचं काय करू?

निशाचर
टाळ. १९ व्यात साक्षात देवाला हरवलं, टेबलावर कॅस आणि जॅक या साथीदारांची नावं कोरली, दोघं भाऊ त्यांच्या इंपाला गाडीत बसून निघाले. आणखी काय हवं? इतकं करून पुढच्याच भागात डीन एका कोठारात खांबाच्या सळईवर मरतो. मला तो अपमान वाटला.

रेवा
अपमान कसला? शिकारीतच मरणार हे डीन पहिल्यापासून म्हणायचा. मरताना तो सॅमकडे परवानगी मागतो, "मी गेलो तर चालेल असं सांग." आणि शेवटी म्हाताऱ्या सॅमचा हात धरून त्याचा मुलगा तेच म्हणतो. मुलाचं नाव डीन. मी तिथे दर वेळी रडते.

निशाचर
आणि तो पांढरा विग? गॅदरिंगमधले आजोबा वाटतात. माझं रडू तिथेच आटलं.

रेवा
विग वाईटच आहे, मान्य. पण मार्च २०२० मध्ये करोनामुळे शूटिंग थांबलं तेव्हा दोन भाग राहिले होते. ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झालं, त्यात जुने कलाकार गोळा करणं शक्य नव्हतं.

तळकोकण
भुताखेतांचं म्हणाल तर 'रात्रीस खेळ चाले'. सावंतवाडीजवळ आकेरीचा वाडा, तोंडात मालवणी, आणि अण्णा नाईक नुसते दारात उभे राहिले तरी धडकी भरायची.

सह्यकडा
सबटायटल मागेपुढे होत असतील तर व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच दाबून जुळवता येतात.

मिनू
वाटसरू, भाऊ केवढा आहे? बघू नये असं का वाटतंय तुम्हाला?

वाटसरू
बावीस. आईबाबा नाहीत आम्हाला, दोघंच असतो. परवा पहाटे तो शिकायला जर्मनीला चाललाय. बॅगा दारात भरून ठेवल्यात. लहानपणापासून मला डीन म्हणतो. डीन मरतो हे त्याला माहीत नाही. जायच्या तोंडावर हे कशाला, असं होतंय.

मिनू
अहो, हे आधी सांगायचं ना! मग दाखवाच. आज नाही दाखवलात तर तिकडे खोलीवर एकटा बसून बघेल. तुम्ही शेजारी असताना बघू दे.

रेवा
आणि तो पूल येईपर्यंत बंद करू नकोस. डीन आणि सॅम स्वर्गात पुन्हा भेटतात तिथे.

निशाचर
मी अजून १९ च म्हणतो. पण मिनूताईंचं पटलं.

वाटसरू
ताटं उचलून त्याने लॅपटॉप लावलाय. हाका मारतोय. नंतर लिहितो.