मदत हवी आहे: सहकुटुंब न्यूझीलंडला चाललोय, माय मात्र येत नाही म्हणते

कडब्याची कोप

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ. विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

आम्ही औसा तालुक्यातले, किल्लारीच्या बाजूचे. माझं वय ३८, लातुरात ठिबकच्या दुकानात हिशेब बघतो. बायको स्टाफ नर्स. तिनं न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलचा ऑनलाइन पेपर दिला, मग ख्राइस्टचर्चला जाऊन प्रात्यक्षिकाची परीक्षाही पास झाली. आता तिथल्याच एका दवाखान्याचं ऑफर लेटर आलंय. रजिस्टर्ड नर्सला तिकडं थेट रेसिडेन्ससाठी (कायम राहण्याच्या परवानगीसाठी) अर्ज करता येतो आणि त्यातच मी अन् दोन्ही पोरं बसतो. पोरगी ११ वर्षांची, पोरगा ६. मेडिकल झालं, पोलीस क्लिअरन्स झाला. तिकडं शाळेचं वर्ष जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीत सुरू होतं, त्याच्या आत पोचायचं असा बेत आहे.

आता अडचण सांगतो. थोडं लांबेल.

दादांना (वडिलांना) जाऊन तीन वर्षं झाली. साडेचार एकर रान, सगळं अजून त्यांच्याच नावावर. वारस नोंदीचं 'करू, करू' म्हणत राहून गेलं. वारस आम्ही तिघं, माय, मी आणि बहीण (ती उदगीरला दिलीय). वाद काहीच नाही, नुसता आळस. सध्या रान बटईनं आहे, सोयाबीन आणि मग हरभरा. मी तिकडचा झालो तर या जमिनीचं काय होतं? एक जण म्हणतो एनआरआयला शेती ठेवताच येत नाही, विकून मोकळा हो. हे म्हणणाऱ्याचाच आमच्या रानावर डोळा आहे, म्हणून विश्वास बसत नाही.

दुसरं, माय. वय ६१. बीपीची गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. तिला सोबत नेता येतं का? पुण्यातल्या एका एजंटानं 'आईचं पण पीआर करून देतो' म्हणून दीड लाख सांगितलेत. पन्नास हजार ॲडव्हान्स. अजून दिलेले नाहीत.

पण व्हिसा काढला तरी माय येणार नाही म्हणते, आणि त्याचं कारण जरा वेगळं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला मी पाच वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले, पहाटे चारच्या आत भूकंपात सगळं संपलं. आमचं घर दगडमातीचं, वर माळवद (मातीचं सपाट छत). आजी आणि माझी दोन वर्षांची धाकटी बहीण त्यात गेल्या. मला दादांनी उकरून काढलं. पुनर्वसनात ४०० चौरस फुटांचं घर मिळालं, पण माय त्या घरात स्वयंपाक करते, झोपायला मात्र पुढं पत्रा टाकलाय तिथं असते. पाऊस असो, थंडी असो. इतकी वर्षं झाली, स्लॅबखाली एक रात्र नाही. लातूरला आमच्याकडं आली तरी संध्याकाळच्या एसटीनं परत.

आणि आता कुठल्यातरी पोरानं तिला मोबाइलवर ख्राइस्टचर्चचा भूकंप दाखवलाय. मला म्हणते, "एकदा मातीतून काढलाव तुला, आता तसल्याच गावात जाऊलालास व्हय? लेकरं घेऊन?"

मी म्हटलं, माय, तिकडं घरं वेगळी असतात. ती म्हणाली, "तू बघितलीस?" मी नाही बघितलेली. बायको परीक्षेपुरती गेली होती, हॉस्टेलात राहिली.

तर तिकडं राहणाऱ्या कुणी खरं खरं सांगाल का? घरं कशी असतात, काय काळजी घेतात? गोड बोलू नका. तिला मला उत्तर द्यायचंय आणि ती खोटं लगेच ओळखते.

तेरणाकाठ

आधी एजंटाला एक रुपया देऊ नका. न्यूझीलंडच्या इमिग्रेशनबद्दल पैसे घेऊन सल्ला द्यायला तिथलं लायसन लागतं (तिथल्या वकिलांना सूट आहे). लायसनवाल्यांची यादी सरकारी साइटवर असते, नाव टाकून बघा. आणि 'आईचं पीआर करून देतो' असं कुणी म्हटलं की तिथंच उठायचं.

जमिनीचं: तो विकून मोकळा हो म्हणणारा अर्धवट सांगतोय. परकीय चलन कायद्याप्रमाणं अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली किंवा इथं राहत असताना घेतलेली ठेवता येते. पुढं कधी विकलीत तर घेणारा भारतात राहणारा असावा लागतो.

पण वारस नोंद करून मगच विमानात बसा. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडं अर्ज द्या, ई-हक्क या सरकारी साइटवरून ऑनलाइनही होतो. नोटीस निघते, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. तिघांची नावं सातबाऱ्यावर चढली की बहीण नाहीतर माय यांच्यापैकी एकीच्या नावे कुलमुखत्यारपत्र करा, दुय्यम निबंधकाकडं नोंदवून. हेच तिकडून करायला गेलात तर वकिलातीत सही-शिक्का, मग कागद इकडं पाठवणं, त्यात महिने जातात. मी दुबईत असताना हे भोगलंय. एका सहीपायी खरिपाचं पीककर्ज हुकलं.

काळं तिखट

बँकेचं राहिलं. बाहेर गेल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच ठेवायचं नसतं, बँकेला कळवून एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घ्यायचं. आणि पीएम किसानचा हप्ता तुमच्या नावावर चालू असेल तर बंद करा, अनिवासींना तो चालत नाही. दोन हजारासाठी नंतर वसुलीची नोटीस नको. ई-पीक पाहणी (सातबाऱ्यावर पिकाची मोबाइलवरून नोंद) बटईदाराकडं ढकलू नका, बहिणीच्या मोबाइलवर ॲप टाकून द्या.

(मायचं वाचून पुढं काही लिहायला सुचलं नाही. आमच्या आत्याचं सासर सास्तूरचं, तेही त्याच भूकंपात पडलेलं गाव.)

दक्षिणायन

मी मूळचा अंबाजोगाईचा, ख्राइस्टचर्चला नववं वर्ष. गोड बोलू नका म्हणालात, तर ऐका.

हो, इथं भूकंप होतात. २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी पाऊण वाजता झाला त्यात १८५ माणसं गेली. मी तेव्हा इथं नव्हतो. पण हे नीट बघा: किल्लारीचा ६.२, हाही जवळपास तेवढाच. इथला तर शहराच्या अगदी बुडाशी. किल्लारीला सात हजारांवर माणसं गेली ती धरणीकंपानं कमी आणि डोक्यावरच्या दगडमातीनं जास्त. आपल्याकडची ती दोन-दोन फूट जाडीची भिंत, मातीत बसवलेले गोटे, वर माळवदावर दर पावसाळ्याआधी टाकलेली पांढरी माती. उन्हाळ्यात गार वाटायचं ते त्यामुळंच, आणि पडलं तेव्हा श्वास घ्यायला फट राहिली नाही तीही त्यामुळंच.

इथली राहती घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची. आत जिप्समचे पातळ बोर्ड, वर पत्रा. हो, पत्राच. हलतात, करकरतात, जुन्या विटांची धुराडी कोसळतात, पण घर अंगावर बसत नाही. २०११ ला अर्ध्याहून जास्त माणसं एकाच सहा मजली इमारतीत गेली, आणि तिच्या बांधकामात खोट होती हे नंतर चौकशीत निघालं. तेव्हा घर भाड्यानं घेताना एकमजली लाकडी बघा, विटांचं धुराडं नसलेलं. कपाटं भिंतीला स्क्रूनं बांधा. पोरांना शाळेतच शिकवतात: खाली बसा, टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय धरून ठेवा. पहिल्या वर्षी माझा पोरगा जेवताना ट्रक गेला तरी टेबलाखाली.

आणखी एक, मायला सांगण्यासारखं. इथं एव्हन नदीच्या कडेची जमीन भूकंपात पातळ झाली, तळातून गाळ वर आला. सरकारनं 'रेड झोन' ठरवून आठेक हजार घरं उठवली. आता तिथं नुसतं गवत आणि लोकांच्या अंगणातली जुनी फळझाडं उभी आहेत. घर नाही, पण अंगणातलं सफरचंद आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला जुनं किल्लारी आठवलं.

थंडीचं मात्र कुणी सांगत नाही ते सांगतो. जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो आणि जुनी घरं आतून दमट असतात. सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून घर उत्तरेला तोंड असलेलं घ्यायचं. आपल्या वास्तुवाल्यांना हे सांगून बघा.

तेरणाकाठ

@दक्षिणायन, आईला आणायचं काय ते सांगा की. मुख्य तेच आहे.

दक्षिणायन

कायमच्या रेसिडेन्सची वेगळी कॅटेगरी आहे, तिला पगाराची अट मोठी आणि रांग लांब. तिच्या भरवशावर राहू नका. पण सप्टेंबर २०२५ पासून 'पेरेंट बूस्ट' नावाचा व्हिजिटर व्हिसा सुरू झालाय. पाच वर्षांचा, कितीही वेळा ये-जा. रेसिडेंट झालेला मुलगा किंवा मुलगी स्पॉन्सर करू शकते. तुम्ही बायकोच्या अर्जात रेसिडेंट होणार, म्हणजे अर्ज तुमच्या नावानं, बायकोचा पगार जोडीला धरून. आरोग्य विमा सक्तीचा, मेडिकल लागतं, पगाराची अट आहेच. आकडे अर्जाच्या दिवशी इमिग्रेशनच्या साइटवरच बघा, ते बदलत असतात. नाहीतर साधा आईवडिलांचा व्हिजिटर व्हिसा: एका वेळी सहा महिने, तीन वर्षांत मिळून अठरा.

व्हिजिटरवर असताना दवाखाना फुकट नाही, बीपीची गोळीही आपल्या खिशातून. पण पाय घसरून पडल्या तर अपघाताच्या उपचाराला एसीसी नावाची सरकारी योजना पाहुण्यांनाही धरते.

कडब्याची कोप

सगळ्यांचे आभार. दक्षिणायन, तुमचं उत्तर मी मायला पत्र्याखाली बसून वाचून दाखवलं. 'वर पत्रा' आलं तेव्हा तिनं पुन्हा वाचायला लावलं. धुराडं म्हणजे काय ते विचारलं. झाडांचं ऐकून काही बोलली नाही, उठून शेळीला पाला टाकायला गेली.

तलाठी कार्यालयात अर्ज दिलाय. बहीण सही करून गेली, वर मला शिव्या, "तीन वर्षं काय झोपला होतास" म्हणून.

एक फालतू प्रश्न: येसर (आमटीत घालायचं भाजलेलं मसाल्याचं पीठ) आणि काळं तिखट नेता येतं का? बायको नको म्हणते, माझा जीव अडकलाय.

हरभऱ्याचा डहाळा

फालतू नाही, हाच खरा प्रश्न आहे! आम्ही ऑकलंडला. मध अजिबात नाही, ताजी फळं-भाजी नाही, पेरायचं बी नाही, घरचं तूप-खवा नको. येसर मी दुकानातून सीलबंद करून नेलं, फॉर्मवर खाण्याचं आहे म्हणून लिहिलं, साहेबानं उघडून वास घेतला आणि जाऊ दिलं. लिहिलं नाही आणि सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. लिहिण्यात कमीपणा नाही, फार तर फेकून देतील. ज्वारीचं पीठ इथं मिळतं, महाग आहे, भाकरी चिरते. पाणी उकळतं घ्या, म्हणजे जमते.

वेळ अमावास्येला (रानात जाऊन पूजा-जेवण करायचा आपला सण) मात्र हाल होतात. आंबील केली, उंडे केले, भज्जी केली आणि डबे घेऊन बागेत बसलो. पोरगी विचारते, रान कुठंय?

काळं तिखट

@कोप, पुढं काय झालं? माय काय म्हणते?

कडब्याची कोप

उशीर झाला, माफी. फेरफार मंजूर झाला, तिघांची नावं चढली. रेसिडेन्स आला. तिकिटं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याची, सिंगापूरवरून.

मायशी तीन-चारदा बोलणं झालं. ती आमच्यासोबत येत नाही, त्यावर ठाम आहे. पण परवा पोरीला विचारत होती की तिकडं रात्र कधी होते. पोरीनं सांगितलं, आपण साडेसहा-साडेसात तास पुढं असणार, आज्जी तू जेवायला बसशील तेव्हा आम्ही झोपलेले. मग मायनं मला हाक मारली. "ते पाच वर्षांचं कागद कर," म्हणाली. "येईन दोन-चार महिने. पर तीस सप्टेंबरला मला इथं आणून सोडायचं. दरसाल." त्या दिवशी जुन्या गावाच्या जागी सगळे जमतात, ती आजवर एकदाही चुकलेली नाही. आणि वेळ अमावास्येलाही ती रानात पाहिजे. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर गेले, कधी जानेवारीही.

तर नवा प्रश्न, जाणकारांनी सांगावं: फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडची थंडी कितपत असते? आणि एकट्या बाईला, इंग्रजी न येणारीला, सिंगापूरला विमान बदलायला मदतनीस मिळतो का? तिकीट काढतानाच सांगावं लागतं की नंतर?