एआरईचा अभ्यास: साइटवर काम केलेलं असून साइटचेच प्रश्न का चुकतात?

रेखाटन_डोंबिवली
नमस्कार. बी.आर्क. झालंय, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं (सीओए) रजिस्ट्रेशन आहे, अंधेरीला एका ऑफिसात काम करते. अमेरिकेतल्या फर्मची ड्रॉइंग्ज रेव्हिट सॉफ्टवेअरमध्ये करून पाठवतो, त्यामुळे डिटेल्सची भीती नाही. नवऱ्याचं न्यू जर्सीला जायचं ठरतंय, म्हणून एआरईचा, म्हणजे अमेरिकेत आर्किटेक्टचा परवाना मिळवायच्या सहा पेपरांच्या परीक्षेचा, अभ्यास सुरू केलाय. पीपीडी (प्रोजेक्ट प्लॅनिंग अँड डिझाइन) आणि पीडीडी (प्रोजेक्ट डेव्हलपमेंट अँड डॉक्युमेंटेशन) हे पेपर वाचायला मजा येते, पण करारांची पानं उघडली की डोळे मिटतात. आणि सराव परीक्षेत साइटवरच्या प्रश्नांतच सगळ्यात जास्त मार खाल्ला. कॉलेजनंतर ठाण्याच्या दोन टॉवर्सच्या साइटवर उन्हातान्हात उभी होते हो मी! कुठला पेपर आधी देऊ? शिवाय सीनियर म्हणतात की पहिला पेपर पास झाला की पाच वर्षांत बाकीचे संपवावेच लागतात. खरंय का?

सेट_स्क्वेअर
ताई, साइटवर होतात म्हणूनच मार खाताय. मी सहाही पेपर दादरला घरी बसून अभ्यास करून काढले, आणि मला सगळ्यात जड गेली ती आपली साइटवरची सवय.

असं बघा. उद्या स्लॅब भरायचाय आणि स्टीलला कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) कमी दिसतंय. आपण काय करतो? मुकादमाला हाक मारतो, "कव्हर ब्लॉक टाक, इथली सळई उचल, तोवर काँक्रीट मागवू नको." दहा मिनिटांत विषय संपला. एआरईत हे उत्तर चूक. ए201 नावाच्या जनरल कंडिशन्समध्ये, म्हणजे तिथल्या बांधकाम कराराच्या सर्वसाधारण अटींत, साफ लिहिलंय की काम कुठल्या पद्धतीने, कुठल्या क्रमाने करायचं ही जबाबदारी एकट्या कॉन्ट्रॅक्टरची. काम ड्रॉइंगप्रमाणे नसेल तर आर्किटेक्ट ते नाकारू शकतो आणि मालकाला कळवतो, पण ते दुरुस्त कसं करायचं हे सांगत बसत नाही. आणि "काम थांबवा" म्हणायचा हक्क तर मालकाचा! आपल्याकडे ज्युनियरसुद्धा तिसऱ्या मजल्यावरून ओरडून काम थांबवतो. पर्यायांमध्ये तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला पद्धत शिकवताय असं वाक्य दिसलं की आधी त्यावर काट मारा.

बिलाचंही तेच. आपलं आरए बिल (झालेल्या कामाचं हप्त्याचं बिल) टेबलावर पडून राहतं, फोनवर फोन येतात, मग एक दिवस सही होते. ए201 मध्ये कॉन्ट्रॅक्टरचा पैशांचा अर्ज आल्यापासून सात दिवसांत आर्किटेक्टने पैसे देण्याचं सर्टिफिकेट द्यायचं, नाहीतर का अडवलं ते लेखी कळवायचं. बिलातून राखून ठेवायचा रिटेन्शन मनी तिथेही आहे, नाव फक्त रिटेनेज.

म्हणून प्रॅक्टिस मॅनेजमेंट, प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि कन्स्ट्रक्शन अँड इव्हॅल्युएशन हे तिन्ही लागोपाठ द्या. तिन्हींत तेच करार फिरून येतात. बी101 (मालक-आर्किटेक्ट करार), ए201 आणि सी401 (आर्किटेक्ट-कन्सल्टंट करार) लोकलमध्ये वाचा, गाइडबुकातला सारांश नको. मालक, आर्किटेक्ट, कॉन्ट्रॅक्टर आणि कन्सल्टंट अशा चार चौकटी काढायच्या आणि कोण कोणाशी सही करतो त्याचे बाण जोडायचे. कॉन्ट्रॅक्टर आणि आर्किटेक्ट यांच्यात बाणच नाही हे एकदा डोळ्यांनी बघितलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मग पीए (प्रोग्रामिंग अँड अ‍ॅनालिसिस), आणि शेवटी पीपीडी-पीडीडी जोडीने. ते दोन्ही शंभर-शंभर प्रश्नांचे आहेत आणि मजा येते म्हणून गाफील राहू नका. गच्चीवरचा वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा आपल्याला पाठ, पण तिथे फूटिंग (पाया) किती खोल न्यायचं ते फ्रॉस्ट लाइनवर (जमीन जिथवर गोठते ती खोली) ठरतं, आणि थंड प्रदेशात व्हेपर रिटार्डर (बाष्प अडवणारा थर) भिंतीच्या आतल्या, उबदार बाजूला. मुंबईत आयुष्य गेलेल्या माणसाला हे आतून सुचत नाही, पाठच करावं लागतं. लाकडी स्टडच्या (उभ्या दांड्यांच्या) भिंतींचे सेक्शन हाताने काढा. रेव्हिटमध्ये रोज काढता ते वेगळं, तिथे फॅमिली, म्हणजे घटकांचा संच, तयार मिळते.

पाच वर्षांचं म्हणाल तर ते रोलिंग क्लॉक एप्रिल 2023 अखेर बंद झालं. सीनियर जुनं सांगतायत.

गिरगाव_ग्रिडलाइन
वरच्या सगळ्याला अनुमोदन. पण ताई, अभ्यासाबरोबर कागदपत्रंही आत्ताच सुरू करा. आपल्या डिग्रीचं ईईएसए मूल्यमापन (परदेशी डिग्रीची तिथली तपासणी) करायचं तर विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट लागतात, आणि ते न्यू जर्सीत बसून काढणं म्हणजे डोक्याला ताप. एएक्सपीचे, म्हणजे परवान्यासाठी नोंदवायच्या अनुभवाचे, 3,740 तास आहेत. भारतातल्या आर्किटेक्टच्या हाताखालचं काम त्यात 1,860 तासांपर्यंत धरतात, म्हणजे ठाण्याचे टॉवर्स अगदीच वाया जाणार नाहीत. ज्यांच्या हाताखाली होतात त्यांच्याशी संबंध चांगले आहेत ना? मंजुरी त्यांच्याकडून लागेल.

कोबा_किंग
आपल्याकडे 1972 च्या कायद्याखाली पाच वर्षांचा कोर्स केला, सीओएकडे फी भरली, झालो आर्किटेक्ट. तिकडे पुन्हा सहा पेपर! त्यापेक्षा न्यू जर्सीत वडापावची गाडी टाका.

रेखाटन_डोंबिवली
कोबा_किंग, गाडीचं परमिट काढायलाही परीक्षा असली म्हणजे? 😄
सेट_स्क्वेअर, चौकटी काढल्या. आर्किटेक्ट-कॉन्ट्रॅक्टरमध्ये बाण नाही हे खरंच आज पहिल्यांदा बघितलं. मग आरएफआयला (कॉन्ट्रॅक्टरने लेखी विचारलेल्या शंकेला) उत्तर आपण कुठल्या नात्याने देतो?

सेट_स्क्वेअर
मालकाशी झालेल्या बी101 मुळे. त्यात कन्स्ट्रक्शनच्या काळातली आपली कामं लिहिलेली आहेत, ते प्रकरण आधी वाचा. आणि एनसीएआरबीच्या (ही परीक्षा घेणारी संस्था) खात्यात प्रत्येक पेपरची सराव परीक्षा फुकट आहे. करार वाचून झाल्यावरच उघडा.