प्रॉम्प्टमध्ये गिटची ब्रांच दिसते, पण बदलत नाही (बॅश, उबंटू)

सातपूर_कोड

उबंटू २२.०४, विंडोजच्या डब्ल्यूएसएल२ मध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय). दिंडोरी आणि पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाउसचं वजन-लेबलचं काम एकाच रेपोत (गिट ज्यातल्या बदलांची नोंद ठेवतं तो कोडचा फोल्डर) आहे. मशीन वेगळी, म्हणून ब्रांच (कोडच्या शाखा) दोन. हंगामात दिवसभर इकडून तिकडे चेकआउट (ब्रांच बदलणं) चालतं आणि कमिट (बदलांची पक्की नोंद) भलत्याच ब्रांचवर पडते. ब्रांच प्रॉम्प्टमध्ये (कमांड लिहायच्या जागेआधी दिसणारा मजकूर) डोळ्यासमोर राहावी म्हणून बॅशआरसीत (बॅश सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल) पीएस१, म्हणजे प्रॉम्प्ट ठरवणारं सेटिंग, बदलून त्यात ब्रांचचं नाव देणारं __गिट_पीएस१ हे फंक्शन घातलं.

आता टर्मिनल होममधून उघडलं तर रेपोत गेल्यावरही ब्रांच येत नाही. एडिटरमधून उघडलं तर येते, पण चेकआउट केल्यावर जुनीच राहते. लाल रंग दिल्यापासून लांब कमांड त्याच ओळीवर परत पहिल्यापासून उमटते. शिवाय एडिटरमधून उघडल्यावर पहिला प्रॉम्प्ट यायला दीड-दोन सेकंद लागतात. रेपो सी ड्राइव्हवर आहे.

गोदाकाठ

पहिली अडचण शंभर टक्के अवतरणचिन्हांची आहे. पीएस१ ची ओळ तुम्ही दुहेरी अवतरणात लिहिली असणार. दुहेरीत डॉलर-कंस, म्हणजे $(...) मधली कमांड, बॅशआरसी वाचतानाच, एकदाच, चालतो आणि जे उत्तर येईल ते कायमचं चिकटतं. होममध्ये रेपो नाही, म्हणून रिकामं. एडिटर थेट रेपोत उघडतो, म्हणून त्या क्षणाची ब्रांच. एकेरी अवतरणात तोच मजकूर जसाच्या तसा साठवला जातो आणि प्रत्येक प्रॉम्प्टला नव्यानं चालतो:

पीएस१='\डब्ल्यू$(__गिट_पीएस१ " (%एस)")\$ '

(नावं इथं देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये पीएस१ रोमन कॅपिटलमध्ये, बाकी सगळं स्मॉलमध्ये.)

ही ओळ फाइलच्या अगदी तळाशी ठेवा. उबंटूची मूळ बॅशआरसी मध्यावर स्वतःचा पीएस१ लिहिते, त्याच्या वर ठेवलीत तर पुसली जाईल. फंक्शन कुठून उतरवायची गरज नाही, गिटच्या पॅकेजबरोबरच /यूएसआर/लिब/गिट-कोर/ मध्ये गिट-एसएच-प्रॉम्प्ट ही फाइल येते. 'कमांड नॉट फाउंड' आलं तर तेवढी ती फाइल सोर्स करा, म्हणजे बॅशला वाचायला लावा.

लांब ओळ गुंडाळण्याचं कारण रंग. रंगाचा कोड पडद्यावर जागा घेत नाही, पण बॅशला ते सांगितल्याशिवाय कळत नाही. तो ती अक्षरंही रुंदीत मोजतो आणि ओळ कुठं संपली याचा हिशेब चुकतो. प्रत्येक रंग-कोडच्या आधी \[ आणि नंतर \] हवंच, रंग मूळपदावर आणणाऱ्या शेवटच्या कोडलाही. बहुतेक वेळा तोच राहून जातो. रंग __गिट_पीएस१ च्या कंसाबाहेर द्या.

पंचवटी_शेल

गोदाकाठ यांनी सांगितलेल्या ओळीत फक्त ब्रांच दिसेल. तुमची खरी गरज 'कमिट करायचं काही राहिलंय का' ही दिसते, त्यासाठी ओळीच्या वर गिट_पीएस१_शोडर्टीस्टेट=१ लिहा (हे नाव पूर्ण कॅपिटलमध्ये). मग प्रॉम्प्ट असा येतो:

~/पॅकिंग (दिंडोरी *+)$

तारा म्हणजे फाइल बदलली पण अ‍ॅड केलेली (पुढच्या कमिटसाठी निवडलेली) नाही. अधिक म्हणजे अ‍ॅड झाली, कमिट बाकी. शोस्टॅशस्टेट (या आणि पुढच्या 'शो...' नावांच्या आधीही गिट_पीएस१_) लावलं तर स्टॅशमध्ये, म्हणजे कमिट न करता बाजूला ठेवलेल्या बदलांत, काही असेल तेव्हा डॉलर येतो. ब्रांच बदलणाऱ्यांनी हे नक्की लावावं, कारण स्टॅश दोन्ही ब्रांचना सामाईक असतो आणि विसरला जातो. शोअपस्ट्रीम="ऑटो" नं सर्व्हरच्या पुढं असाल तर >, मागं असाल तर <, दोन्ही असेल तर <>, बरोबर असाल तर =. पण हा = शेवटच्या फेचपुरताच (सर्व्हरवरचे बदल आणले तेवढ्यापुरताच) खरा आहे. प्रॉम्प्ट सर्व्हरला काही विचारत नाही.

आता वेळ. रेपोत उभं राहून टाइम __गिट_पीएस१ चालवा, नेमका आकडा मिळेल. तारा काढायला गिटला ट्रॅक केलेल्या प्रत्येक फाइलची अवस्था तपासावी लागते, आणि डब्ल्यूएसएल२ मधून सी ड्राइव्हवर जाणारी अशी प्रत्येक विचारणा दोन सिस्टिममधला पूल ओलांडून जाते. सेटिंग कितीही फिरवलीत तरी तो पूल तिथंच राहतो. रेपो लिनक्सच्या होममध्ये नव्यानं क्लोन करा (पूर्ण प्रत उतरवून घ्या). एडिटर तिथूनही उघडतो.

हलवता येणारच नसेल तर फक्त त्या रेपोत: गिट कॉन्फिग बॅश.शोडर्टीस्टेट फॉल्स. ब्रांच राहील, तारा जाईल, बाकीच्या रेपोंना धक्का नाही. शोअनट्रॅक्डफाइल्स मात्र मोठ्या रेपोत लावूच नका. टक्क्याच्या एका चिन्हासाठी ते नव्या फाइलींच्या शोधात फोल्डर पालथे घालतं.

गोदाकाठ

एक भर. नेटवर बरेच जण प्रॉम्प्ट_कमांडमध्ये (प्रत्येक प्रॉम्प्टआधी बॅश जे चालवतो ते सेटिंग) गिट ब्रांचचं उत्तर सरळ पीएस१ मध्ये चिकटवतात. ते करू नका. ब्रांचच्या नावात डॉलर आणि कंस गिटला चालतात, आणि पीएस१ दाखवताना बॅश ते पुन्हा उलगडतो. म्हणजे दुसऱ्याच्या रेपोतली ब्रांच चेकआउट करताच तिच्या नावात लपलेली कमांड तुमच्या मशीनवर चालू शकते. वरच्या एकेरी अवतरणाच्या पद्धतीत आलेलं उत्तर पुन्हा उलगडलं जात नाही.

सातपूर_कोड

अवतरणं बदलली, रंगांना कंस लावले, रेपो होममध्ये क्लोन केला. तिन्ही गोष्टी सुटल्या. प्रॉम्प्ट आता लगेच येतो. फक्त /ऑप्ट मधल्या एका रेपोत कंसच येत नाही, एररही नाही. तो सुडो लावून (रूट, म्हणजे मुख्य युजरच्या अधिकारानं) क्लोन केला होता.

पंचवटी_शेल

तिथं गिट स्टेटस चालवा, 'डुबियस ओनरशिप' दिसेल. एप्रिल २०२२ च्या सुरक्षा-दुरुस्तीपासून दुसऱ्या युजरच्या मालकीच्या रेपोत गिट काम करायला नकार देतं. प्रॉम्प्टचं फंक्शन गिटच्या एरर गिळून टाकतं, म्हणून तुम्हाला नुसती रिकामी जागा दिसते. फोल्डर तुमचाच असेल तर सुडो सीएचओन -आर नं मालकी स्वतःकडे घ्या. मालकी रूटकडेच ठेवायची असेल तर गिट कॉन्फिग --ग्लोबल --अ‍ॅड सेफ.डिरेक्टरी आणि पुढं त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग. मार्गाच्या जागी तारा टाकू नका, त्यानं ही तपासणी सगळ्याच रेपोंसाठी बंद होते.